गाण्यात नाव वाढवून मिळण्याबाबत

आपल्या हळदीचं गाणं 'नावांचं' करायचं ठरलंय, असं निकेशने घरात सांगितलं तेव्हा त्याची मोठी बहीण सुरभी बिरडं सोलत बसली होती. भिजवलेला वाल बोटांत दाबला की डाळिंबी सटकन उडते आणि ज्याचं लक्ष नसतं त्याच्या डोळ्यात जाते. सुरभीचं सगळं लक्ष वालाकडे होतं, म्हणून ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढे जे झालं ते या एका "बरं"मुळे झालं, असं शेजारचे सुशीलकाका अजून सांगतात. सुशीलकाका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टेबल सांभाळून निवृत्त झाले आहेत. कुठल्याही भानगडीचं मूळ कुठल्या कागदात आहे, ते त्यांना बरोबर सांगता येतं. इथे मुळाशी कागदच नव्हता, एवढीच त्यांची तक्रार आहे.

नावांचं गाणं म्हणजे काय, हे पेण-रोह्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगायचं तर, हळदीच्या संध्याकाळी नवरा-नवरीने जोडीने जे पहिलं गाणं नाचायचं, ते हल्ली कुणाचंही आयतं चालत नाही. आपलं आपण रेकॉर्ड करून घ्यावं लागतं. त्यात नवऱ्याचं नाव, नवरीचं नाव, मग आईवडील, मामा, आत्या, काका, करवल्या असे सगळे ओळीने येतात. ज्याचं नाव लागेल त्याने मधोमध यायचं, आपल्या ओळीपुरतं नाचायचं आणि बाजूला व्हायचं. ज्याचं लागणार नाही त्याने जेवणात मीठ कमी आहे असं सांगत हिंडायचं.

"यादी तू कर ताई," निकेश म्हणाला. "तुला सवय आहे."

सवय होती. सुरभी पेणच्या एका शाळेत ग्रंथपाल होती. नऊ हजार पुस्तकं तिच्या यादीत होती आणि माझं नाव अमक्याच्या खाली का, असं विचारायला त्यांतलं एकही आजवर आलं नव्हतं. ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. हा या गोष्टीचा विषय नाही. विषय नसताना तो कसा काढावा, हे ज्याला शिकायचं असेल त्याने सुशीलकाकांना भेटावं.

लग्न घाईचं होतं. वडील जाऊन दहा महिने झाले होते. वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबायचं, असा हिशेब नातेवाइकांनी दहाव्यालाच मांडून ठेवला होता. वडिलांचं नाव गोविंदा. रोह्याच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं शिफ्टा केल्या. ते गेल्यापासून सुरभीच्या मागे एकच काम लागलं होतं, त्यांचं नाव कमी करणं. त्या कामाला सरकारी शब्दच तसा आहे. रेशनकार्डावरून नाव कमी केलं. मतदारयादीतून केलं, विजेच्या बिलावरून केलं, गॅसच्या पुस्तकावरून केलं. प्रत्येक ठिकाणी अर्ज आणि अर्जाला मृत्यूचा दाखला. दाखल्याच्या पंधरा प्रती काढल्या होत्या, त्यांतली एक उरली होती. सुरभी कामाला चोख असल्यामुळे दहा महिन्यांत वडील बहुतेक सगळीकडून गेले होते.

गाण्याच्या यादीसाठी कोरा कागद घेऊन ती बसली आणि तिने पहिलं नाव 'गोविंदा' असं लिहिलं. हे नाव कुठेतरी वाढवायचं म्हणून तिने दहा महिन्यांत पहिल्यांदाच लिहिलं होतं. तोवर तिला या गाण्यात काडीचा रस नव्हता. त्यानंतर मात्र हे नाव गाण्यात आलंच पाहिजे, एवढं एक तिने धरून ठेवलं.

पहिली हरकत घरातूनच आली.

"नाचाच्या गान्यात ह्यांचं नाव?" आई म्हणाली. शांतीबाईंचा आवाज कधी चढत नसे. त्या प्रश्न विचारून गप्प बसत आणि उत्तर देणारा आपोआप चढ्या आवाजात बोलू लागे. "जल्मात नाचले नायत ते. कुनाची हळद असली तर ड्युटीच्या कपड्यांत यायचे, जेवायचे, जायचे. पाय हलवला असंल तर डास चावला म्हनून."

"आई, नुसतं नाव घ्यायचंय. त्यांनी नाचायचं नाही."

"मग नाव लागल्यावर मधी कोन जानार?"

सुरभीने या प्रश्नाचा नंतर विचार करायचं ठरवलं. दुसरी हरकत कुंपणावरून आली.

"नाव घ्या, पण कै. लावा," सुशीलकाका म्हणाले. "कै. नसेल तर मनुष्य हयात दाखवल्यासारखं होतं. उद्या कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार, काका?"

"विचारणारा आधी सांगून येत नाही. मी बत्तीस वर्षं तेच काम केलंय." मग त्यांनी कुंपणाच्या तारेवर बोटांनी ताल धरून 'कैलासवासी' हा शब्द ढोलावर कसा बसतो ते तपासलं. तीनदा तपासलं. तो बसत नव्हता. "अवघड आहे," ते म्हणाले, आणि आपलंही नाव शेजारधर्म म्हणून यादीत असावं, असं जाता जाता सुचवून गेले.

सल्ला घ्यायचा तर जाणत्याचा घ्यावा, म्हणून सुरभी रविवारी खाडीकडच्या गावाला गेली. तिथे वडिलांची आत्या काशीबाई राहत होती. वय ऐंशीच्या पुढे. काशीबाई धवलारीण होती. म्हणजे पूर्वी लग्नात बायकांनी धवले म्हणायचे असत, ते म्हणणारी. आता तिला कुणी बोलवत नसे, पण बोलावलं तर घसा तयार असावा म्हणून ती रोज सकाळी गरम पाणी प्यायची.

"आमचे टायमाला नाचायचा कंचा गो?" काशीबाई म्हणाली. "पयला गाना धवल्याचा. तो लावला का बाया रडायच्या. ज्या लग्नान कोन रडला नाय, ता लगीन आमी धरायचाच नाय."

तिच्याकडून आणि इतरांकडून सुरभीने जे गोळा केलं त्यावरून पेण-रोह्याच्या पहिल्या गाण्याचा इतिहास साधारण असा निघतो. काशीबाईच्या लग्नात धवला. त्यात देव, नदी, वेशी आणि झाडून सगळे सोयरे नावानिशी. शांतीबाईंच्या लग्नात ब्रास बँड; त्या बँडला चारच चाली येत होत्या आणि त्यांतली एक आरतीची होती. वऱ्हाड तिच्यावरही नाचलं, फक्त चपला काढून नाचलं. मग बेंजो आला आणि सिनेमातली गाणी आली. नवरा-नवरीने खाली मान घालून पाटावर बसायचं आणि नाचायचं काम बाकीच्यांनी करायचं, अशी तोवर वाटणी होती. ती डीजेने मोडली. पुढे घरोघरी मोबाइल आले, आणि सगळ्यांनी त्यात परक्या देशांतली लग्नं पाहिली. मग आमच्याकडचे नवरदेवही धुरात उभे राहून नवरीला एका हाताने गिरकी देऊ लागले. गिरकीत हिरवा चुडा शेरवानीच्या गुंडीत अडकायचा आणि करवलीला कात्री घेऊन धुरात शिरावं लागायचं. त्या काळातल्या गाण्यांत कुणाचंच नाव नव्हतं. नुसते चंद्र, डोळे आणि श्वास. आणि आता पुन्हा नावं. म्हणजे साठ वर्षं वळसा घालून गाणं होतं त्याच जागी आलं होतं. रडण्याच्या जागी नाचणं आलं, एवढाच काय तो बदल.

"आत्ये, धवल्यात गेलेल्या माणसांची नावं घ्यायचे का?" सुरभीने मुद्द्याचं विचारलं.

"मेलेल्यांना पयला आवतान गो पोरी. जित्ये काय, जेवनाच्या वासावर येतान."

"मग त्यांच्या नावाला कै. लावायचं?"

काशीबाईने तिच्याकडे असं पाहिलं, की सुरभीला आपलं सगळं शिक्षण आठवलं. "बोलवतंस का हाकलतंस?"

कै. गेलं. सुरभी हलक्या मनाने घरी आली, आणि तिसरी हरकत रोह्याहून येऊन फोनमध्ये बसलेली होती.

नवरी किमया रोह्याची. तिचे जितेशमामा त्या बाजूचा सगळा कारभार पाहत. पेणकरांनी हळद पेणला म्हटली होती, रोहेकरांनी रोह्याला. शेवटी दोघांनाही सारखीच गैरसोय व्हावी म्हणून हळद एकत्र आणि निडीला, एका लॉनवर, असं ठरलं होतं. गाण्याचं गणितही मामांनी त्याच न्यायाने घातलं: तेवीस नावं पेणची, तेवीस रोह्याची.

"सुरभीताई, तुमच्या यादीत पहिलंच नाव वारलेल्यांचं दिसतंय," मामा फोनवर म्हणाले. मामा अतिशय अदबीने बोलत, त्यामुळे भांडण आहे हे कळायला वेळ लागे. "आमचं काही म्हणणं नाही. पण वारलेले धरायचे असतील तर आमच्याकडे नऊ आहेत."

"नऊ?"

"जवळचे. लांबचे धरलेच नाहीत."

सुरभीने प्रत्येक बाजूने एकच, असा तोडगा काढला. मामांना तो लगेच पटला, आणि रोह्यात चार दिवस कुणी कुणाशी बोलेना. नऊ जणांतला एक निवडायचा म्हणजे आठ घरं दुखवायची. एका काकूंनी तर, आमचे सासरे हयात असते तर तुमची ही हिंमत झाली नसती, असं मामांना सुनावलं. ते खरंच होतं, कारण हयात असते तर कोट्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी मामांनी कळवलं की रोह्याकडून कुणीच दिवंगत येणार नाही आणि ती जागा एका हयात भाच्याला दिली आहे. "तुमचं मात्र राहू द्या," ते म्हणाले. "वडील आहेत."

"आहेत," असं मामा म्हणाले, हे सुरभीने फोन ठेवल्यावर दोनदा मनात म्हणून पाहिलं.

यादी घेऊन ती हमरापूरला गेली. मिथुन नावाच्या गायकाचा स्टुडिओ तिथे त्याच्या भावाच्या गणपतींच्या कारखान्याच्या माळ्यावर होता. खाली सहाशे गणपती बिनडोळ्यांचे, पांढरेफेक, एका रांगेत बसलेले. त्यांच्यामधून वाट काढत, "माफ करा" असं एकदोघांना म्हणत ती जिन्यापाशी पोचली. वर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. खाली रंग मारायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मिथुनला रेकॉर्डिंग थांबवावं लागे, आणि मिथुन गाऊ लागला की भावाचा हात डोळे काढताना हलत असे. दोघांनी वेळा वाटून घेतल्या होत्या आणि त्या दोघेही पाळत नव्हते.

"चाल तयार आहे, ताई. आपण फक्त नावं बसवतो," मिथुन म्हणाला. "खाली कसं, साचा एकच आणि डोळे गिऱ्हाइकाप्रमाणे. तसंच." त्याने छापील फॉर्म पुढे केला. "वडिलांच्या नावापुढे खूण करा. आपल्याकडे दोन पॅटर्न आहेत. साधा आणि कै."

"कै. मध्ये काय असतं?"

"चार सेकंद ढोल बंद. बासरी येते. मग पुन्हा ढोल. त्या चार सेकंदांत सगळे वर बघतात, ड्रोनला तोंडं चांगली मिळतात."

"बासरी नको. साधा करा."

"ताई, मग भावना कशी येणार?"

"ती आमची आम्ही बघू."

मिथुनने खांदे उडवले आणि फॉर्मच्या कडेला 'वडील, विचारून घेणे' असं लिहिलं. असं गिऱ्हाईक त्याला पूर्वी भेटलं नव्हतं, आणि हिचं मन बदलेल अशी त्याची खात्री होती.

आठ दिवसांनी गाणं आलं. ते साडेअकरा मिनिटांचं होतं. तीन ठिकाणी पाठीमागे कॉम्प्रेसरचा फुस्स असा आवाज होता. तो निकेशला समुद्रासारखा वाटला आणि फार आवडला. बाकी सगळी नावं स्पष्ट होती. फक्त वडिलांची ओळ, विचारायची राहिली म्हणून, मिथुनने सगळ्यांत शेवटी टाकली होती. आणि मध्येच, रोह्याच्या मावश्या संपल्यावर, 'आले गो आले, रघूमामा आले' अशी एक ओळ होती. रघूमामा कोण, हे पेणमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या गिऱ्हाइकाचा मामा साच्यात राहून गेला असावा, असं सुरभीने ताडलं. पण तिने मिथुनला फोन करण्याआधी जितेशमामांचा आला. गाणं फक्कड झालंय, ते म्हणाले, आणि तुमचे रघूमामा आमच्या यादीच्या शेवटाला घेतलेत त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. सुरभीने रघूमामांना राहू दिलं. एका वाढलेल्या माणसाला काढून टाकण्याइतका उत्साह तिच्यात उरला नव्हता.

किमया आणि निकेश रोह्यात एका बाईंकडे नाच शिकत होते. बाईंनी नाच तीन मिनिटं वीस सेकंदांचा बसवला होता. पुढच्या आठ मिनिटांत जोडीने काय करायचं, असं किमयाने विचारल्यावर बाई म्हणाल्या, "हसत उभं राहायचं." त्याचीही त्यांनी दोनदा तालीम घेतली.

आता फक्त लॉनचा मॅनेजर राहिला होता. हा गृहस्थ गुळगुळीत दाढीचा आणि अनुभवाने पोळलेला होता. गेल्या हंगामात त्याच्या लॉनवर एका चुलत्याचं नाव गाण्यात मागे गेलं म्हणून मांडवाचे सहा खांब उपटले गेले होते. तेव्हापासून त्याने एक नमुना तयार केला होता: 'गाण्यात माझे नाव ज्या क्रमाने आले आहे तो क्रम मला मान्य असून त्याबाबत कार्यक्रमस्थळी माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली सह्या. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस आणि वर रघूमामा.

सुरभी तीन आठवडे सह्या गोळा करत होती. पेण, रोहा आणि मधली सगळी स्टेशनं. काशीबाईने अंगठा दिला आणि दुसऱ्या हाताचाही हवा का, असं विचारलं. सुशीलकाकांनी सही करण्याआधी मजकूर तीनदा वाचला आणि 'हक्क राखून' असं वर लिहिलं. रघूमामांची सही, ते पेणकडचे म्हणून, सुरभीकडे मागण्यात आली. तिने डाव्या हाताने ती केली. आयुष्यातला तिचा हा पहिला गुन्हा होता आणि तो तिला सोपा गेला.

"सेहेचाळीस झाल्या," मॅनेजर म्हणाला. "हे गोविंदा राहिले."

"ते वारले."

"मग गाण्यात कसे?"

"वडील आहेत."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. "असं करा. त्यांच्या वतीने वारसाची सही आणा. पत्नीची चालेल."

शांतीबाईंनी कागद हातात घेतला नाही. "ह्यांना विचारल्याबिगर ह्यांच्या वतीनं मी कदी सही केली नाय," त्या म्हणाल्या. "आता कुटं विचारू?"

सुरभीने कागद घडी करून पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरकडे मृत्यूच्या दाखल्याची उरलेली प्रत दिली. मॅनेजरने ती वाचली, वर रघूमामांच्या सहीकडे एकदा पाहिलं, आणि शिक्का मारला. अकरा महिन्यांत दाखला देऊन नाव कमी न होता राहण्याची ही पहिलीच वेळ होती. परतताना तिने निडीच्या स्टेशनवर एक चहा घेतला आणि गोड असूनही पूर्ण प्यायला.

हळदीच्या दिवशी साडेसहालाच लॉन भरलं. धूर सोडणारं यंत्र आलं होतं, ड्रोन आला होता, आणि डीजेवाला खास पनवेलहून आला होता. तो या बाजूला नवा होता आणि माणसं ओळखत नव्हता. पण कामात हुशार. एखाद्याचं नाव लागून तो मधे पोचला नसेल, तर ती ओळ तो पुन्हा पुन्हा फिरवत राही, माणूस येईपर्यंत. शांतीबाई मागच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. पुढे या म्हणून चौघींनी सांगितलं. त्यांनी चौघींना "हितनं दिसतंय" असं एकच उत्तर दिलं.

निकेश आणि किमया तीन मिनिटं वीस सेकंद उत्तम नाचले. मग हसत उभे राहिले. मग नावं सुरू झाली.

सुरुवात चांगली झाली. जितेशमामा अदबीने नाचले. सुशीलकाका आपली ओळ संपल्यावरही बाजूला होईनात, कारण क्रम मान्य असल्याचं त्यांनी लिहून दिलं होतं, कालावधी नव्हे. काशीबाई काठी टेकत निघाली तेव्हा डीजेवाल्याने तिची ओळ सात वेळा फिरवली. मधोमध पोचल्यावर तिने नाचायचं सोडून डोळे मिटले आणि स्पीकरच्या वर आवाज काढून स्वतःचा धवला सुरू केला. तो कुणाला ऐकू आला नाही, पण दोन म्हाताऱ्या रडू लागल्या, त्यामुळे लग्न धरण्यासारखं झालं. रघूमामांची ओळ लागली तेव्हा सुरभीने आधी मॅनेजर कुठे आहे ते पाहिलं. टोपी घातलेला एक किडकिडीत म्हातारा गर्दीतून पुढे आला, झोकात नाचला, सगळ्यांना नमस्कार करून पुन्हा जेवणाच्या रांगेत गेला. पेणकरांना तो रोह्याचा वाटला, रोहेकरांना पेणचा. अजून तसंच वाटतं.

"ताई, तुझं नाव कधी येतंय?" निकेशने हसऱ्या चेहऱ्यानेच ओठांतून विचारलं.

तेव्हा सुरभीच्या लक्षात आलं की यादीत तिने स्वतःला घातलंच नव्हतं. सेहेचाळीस माणसं, तीन आठवडे, एक खोटी सही. आणि आपण नाही. पुस्तकांच्या यादीत ग्रंथपाल नसतो, त्या सवयीने राहून गेलं असणार. याचं वाईट वाटून घ्यायला तिला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात शेवटची ओळ लागली.

'आले गो आले, गोविंदा आले, पोराच्या हळदीला आले.'

बासरी नव्हती. ढोल तसाच चालू होता. पण नाचणारे थबकले आणि शिरस्त्याप्रमाणे मागे सरले. मधोमध मोठी गोल जागा रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. धूर तेवढा तिथे फिरत होता. निकेशचं तालमीतलं हसणं चेहऱ्यावर अडकून बसलं.

डीजेवाल्याने रिकामी जागा पाहिली आणि ओळ फिरवली. 'आले गो आले, गोविंदा आले.' कुणी हललं नाही. त्याने पुन्हा फिरवली. मग माइक तोंडाशी घेतला.

"गोविंदाशेठ! नवरदेवाचे वडील! जिथं असाल तिथून मधे यायचंय. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

'आले गो आले, गोविंदा आले.'

"गोविंदाशेठ, पार्किंगला असाल तर लवकर या. दहाला साउंड बंद करावा लागतो."

त्याला थांबवायला हवं होतं. सुरभी उठली आणि डीजेच्या टेबलाकडे भराभर निघाली. जवळची वाट त्या गोल जागेतूनच होती. ती बरोबर मधोमध पोचली तेव्हा ओळ पुन्हा लागली, आणि ती पुढे जाईना. डीजेला थांबव म्हटलं की तो थांबणार. मग आणखी एका ठिकाणाहून नाव कमी होणार, आणि तेही तिच्याच तोंडून. चारशे माणसं बघत होती. ड्रोन खाली आला. सुरभीला एकही पाऊल येत नव्हतं. तिने उजवा पाय उचलून ठेवला. मग डावा. मग पुन्हा उजवा, डास चावल्यासारखा. हात कुठे ठेवायचे ते न कळल्यामुळे तिने ते पदरात गुंडाळले. हे नाचणं आहे की नाही, याबद्दल लॉनवर त्या रात्री दोन मतं होती. पण ती तालात होती, यावर सुशीलकाकांसकट सगळ्यांचं एकमत झालं.

डीजेवाल्याने ओळ फिरवली. तिने पाय उचलले. त्याने पुन्हा फिरवली. तिने पुन्हा उचलले. ही बाई गोविंदाशेठ नाहीत हे त्याला दिसत होतं. त्यामुळे तो काही थांबेना. शेवटी त्याने ढोल बारीक केला आणि माइकवर जरा काकुळतीनेच विचारलं, "अहो, सांगा कुणीतरी. गोविंदाशेठ आले का?"

काकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी अदबीने काकांकडे.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शांतीबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आले रं," त्या म्हणाल्या. "लाव आता फुडचा."